कपाटातली टेप आणि तिचा ड्राइव्ह

ठाण्याच्या नौपाड्यात गोखले रोडवरून आतल्या गल्लीत वळलं की सीएंची, वकिलांची, डीटीपीवाल्यांची छोटी छोटी कार्यालयं लागतात. त्यातल्याच एका ओळखीच्या डीटीपी कार्यालयात कपाट आवरताना कागदांच्या गठ्ठ्यामागून डझनभर कॅसेट निघाल्या. गाण्याच्या कॅसेटपेक्षाही लहान. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी जुळवलेली पुस्तकांची पानं त्यांत होती. ड्राइव्ह शेजारीच होता, पण तो ज्या कॉम्प्युटरला जोडलेला असायचा तो केव्हाच भंगारात गेला होता.

ड्राइव्ह डीडीएस-३ जातीचा. सोनी आणि एचपी यांनी १९८९मध्ये डिजिटल ध्वनिमुद्रणाच्या टेपवरून डीडीएस ही पद्धत बेतली. डीडीएस-३ची पट्टी जेमतेम ४ मिलिमीटर रुंद आणि १२५ मीटर लांब, तिच्यावर १२ जीबी मावतात. पट्टी अगदी सावकाश सरकते, तिला टेकलेला ढोल मात्र मिनिटाला हजारो फेरे घेतो. ढोल कललेला असल्यामुळे माहिती तिरप्या रेघांत उमटते. हा कल जरा बिघडलेल्या ड्राइव्हने लिहिलेली टेप पुष्कळदा त्याच ड्राइव्हवर वाचता येते, दुसऱ्यावर नाही. म्हणून कॅसेट जपली आणि ड्राइव्ह टाकला, तर निम्मं टाकल्यासारखंच आहे.

तो ड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडायला बसलो तेव्हा पहिली अडचण आली कार्डाची. त्याला स्कझी जोडणीचं कार्ड लागतं आणि ते कार्ड बसतं जुन्या पीसीआय खाचेत. नव्या मदरबोर्डवर ती खाचच नसते. अखेर एक जुना पीसी आणि वापरलेलं कार्ड मिळवलं. स्कझीच्या साखळीत प्रत्येक यंत्राला स्वतःचा क्रमांक लागतो. सात हा बहुधा कार्डाचा, म्हणून ड्राइव्हला चार दिला. साखळीच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर हवा. तो नसेल तर ड्राइव्ह कधी दिसतो, कधी दिसत नाही, आणि माणूस बिचाऱ्या ड्राइव्हलाच दोष देत बसतो.

दुसरी अडचण प्रोग्रॅमची. विंडोजच्या सर्व्हर २००८पासून त्यातल्या बॅकअपने टेपची साथ सोडली. लिनक्सने सोडलेली नाही. खरी कॅसेट घालण्याआधी मात्र एक कोरी कॅसेट फिरवून पाहिली, कारण ठाण्याच्या दमट हवेत रबरी रोलर चिकट होतात आणि पट्टी गुंडाळून घेतात. मग खऱ्या कॅसेटची खिट्टी सरकवून भोक उघडं केलं, म्हणजे तिच्यावर चुकूनही काही लिहिलं जाणार नाही. फाइली शोधण्याच्या भानगडीत न पडता आधी सगळी टेप जशीच्या तशी डिस्कवर उतरवली. दोन कॅसेट मध्येच अडकल्या, बाकीच्या उतरल्या.

हीच धडपड अमेरिकेत फार मोठ्या प्रमाणावर झाली. १९६६-६७मध्ये लूनर ऑर्बिटर यानांनी पाठवलेली चंद्राची चित्रं टेपांवर होती आणि त्या वाचणारी अँपेक्स एफआर-९०० यंत्रं मोडीत निघत होती. नॅन्सी इव्हान्स या अभिलेखपाल बाईंनी ती यंत्रं आपल्या गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं सांभाळली. पुढे डेनिस विंगो आणि कीथ काउइंग यांच्या चमूने एकाचे सुटे भाग दुसऱ्याला लावत यंत्र चालू केलं. नासाच्या एम्स केंद्राच्या आवारातल्या मॅकडोनाल्ड्सच्या रिकाम्या जागेत हे काम चाललं. २००८मध्ये चंद्रामागून उगवणाऱ्या पृथ्वीचं चित्र त्यांनी कितीतरी जास्त स्पष्ट मिळवलं. मला या सगळ्यात सर्वांत मोठं काम इव्हान्सबाईंचं वाटतं. त्यांनी टेपबरोबर यंत्रही जपलं.

आपल्याकडे मराठी मजकुराला आणखी एक कुलूप असतं. नौपाड्यातल्या त्या फाइली उघडल्या तर पडद्यावर नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं. त्या काळी श्री-लिपी, आकृती, आयएसएम यांच्या फाँटमध्ये अक्षरांची मांडणी ज्याची त्याची वेगळी होती. युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक आहेत, पण रफार आणि जोडाक्षरं चुकतात. मुद्रितशोधकाला पुन्हा ओळ न् ओळ वाचावीच लागते. ते काम अजून चालू आहे.

तुमच्या कार्यालयातही अशी कॅसेट असेल, तर तिचा ड्राइव्ह, कार्ड, केबल आणि टर्मिनेटर भंगारवाल्याला देऊ नका. एका पिशवीत एकत्र ठेवा, कोणत्या प्रोग्रॅमने बॅकअप घेतला आणि कोणता फाँट वापरला हे चिठ्ठीवर लिहून आत टाका, आणि पुढच्या पावसाळ्याआधी ती टेप वाचून घ्या.