गांवचें ऊन आणि गांवची वीज

वैशाखांत बोरी नदीच्या वाळवंटांत सखाराम महाराजांची यात्रा भरते, तेव्हां अमळनेरचें ऊन म्हणजे काय हें बाहेरगांवच्या पाहुण्यास वेगळें सांगावें लागत नाहीं. खानदेशांत पारा पंचेचाळीस अंशांजवळ जाणें ही नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. या उन्हाची तक्रार पिढ्यान् पिढ्या होत आली. उपयोग मात्र बिबडे, कुरडया आणि मिरच्या वाळविण्यापलीकडे फारसा झाला नाहीं. आतां तेंच ऊन घराच्या गच्चीवर वीज होऊन उतरूं लागलें आहे. एकेका घरानें ती कशी मिळवावी हें बहुतेकांच्या कानांवर आलेलें आहे. परंतु एखाद्या नगरानें, किंवा निदान एखाद्या पेठेनें, मिळून हें काम कसें हातीं घ्यावें याचा विचार थोड्याच ठिकाणीं झाला आहे. प्रस्तुत विषय तोच आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. सौर पॅनेल उष्णतेवर चालतें, म्हणून उन्हाळा जितका कडक तितकी वीज अधिक, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुस्थिति तशी नाहीं. पॅनेलांतील सिलिकॉनच्या चकत्यांवर प्रकाश पडला म्हणजे त्यांतील विद्युत्कण मोकळे होऊन वाहूं लागतात. हें काम प्रकाशाचें आहे, तापाचें नव्हे. उलट पॅनेल तापलें कीं त्याची शक्ति घटते. पंचवीस अंशांच्या वर दर अंशामागें ही घट शेंकडा सुमारें ०·३ ते ०·४ इतकी असते. म्हणजे मे महिन्याच्या दुपारीं पॅनेल पासष्ट अंशांपर्यंत तापलें तर शेंकडा बारा ते सोळा हिस्सा वीज कमी मिळावयाची. म्हणून पॅनेल छपरास चिकटवून न बसवितां खालून वारा खेळेल अशा उंचीवर बसवितात. सांगाडा पुरुषभर उंच केला तर खालची गच्चीहि मोकळी राहते, आणि वाळवणाची किंवा उन्हाळ्यांतील अंथरुणांची जागा जात नाहीं.

अमळनेर सुमारें २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळें पॅनेलचें तोंड दक्षिणेस आणि कल साधारण तितक्याच अंशांचा ठेवला असतां वर्षभराचा मेळ चांगला बसतो. वर्षाची सरासरी धरली तर एक किलोवॅटचा संच दिवसास सुमारें चार युनिट वीज देतो, आणि त्यास सांवली नसलेली सुमारें शंभर चौरस फूट जागा लागते. आषाढ-श्रावणांत ढगांमुळें उत्पन्न घटतें; फाल्गुन-चैत्राच्या स्वच्छ दिवसांत तें भरून निघतें.

आतां अडचण अशी कीं, वीज तयार होते दिवसां आणि घरांत ती अधिक लागते संध्याकाळीं. हा मेळ नेट मीटर घालतो. दुपारची शिल्लक वीज महावितरणच्या तारांवर जाते, तेथें ती जमा धरली जाते. रात्रीं घरानें घेतलेली वीज नांवें पडते. महिनाअखेर जमाखर्चाची वजाबाकी होऊन उरेल तेवढ्याचेंच बिल येतें. स्थिर आकार मात्र सुटत नाहीं. महिन्याची शिल्लक पुढें ओढली जाते. पण वर्षअखेरीस उरलेल्या युनिटांस मिळणारा दर घेण्याच्या दरापेक्षां कमी असतो. म्हणून गरजेहून फार मोठा संच बसविणें हें शहाणपणाचें नव्हे.

आणखी एक गोष्ट आधींच समजलेली बरी. तारांवरची वीज गेली म्हणजे बॅटरी नसलेला साधा संचहि आपोआप बंद पडतो, मग माथ्यावर सूर्य तळपत असला तरी. हा दोष नसून दक्षता आहे. गेलेल्या लाईनवर खांबावर चढून काम करणाऱ्या माणसास घरोघरच्या गच्चीवरून आलेल्या विजेचा धक्का बसूं नये, यासाठीं इन्व्हर्टरची रचनाच तशी केलेली असते. हें न समजल्यामुळें ‘पैसे भरूनहि अंधार’ असा त्रागा कित्येक ठिकाणीं ऐकूं येतो.

असो. पैशाचा हिशेब पाहूं. १३ फेब्रुवारी २०२४ रोजीं पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना सुरू झाली. देशांतील एक कोटि घरें हें तिचें लक्ष्य आणि ७५,०२१ कोटि रुपये ही तिची तरतूद आहे. अनुदानाचें गणित सोपें आहे. शासनानें पहिल्या दोन किलोवॅटांची प्रमाण किंमत प्रत्येकीं ५०,००० रुपये धरून तिचे शेंकडा ६०, आणि तिसऱ्या किलोवॅटची ४५,००० धरून तिचे शेंकडा ४० द्यावयाचें ठरविलें. म्हणजे एका किलोवॅटला ३०,०००, दोहोंस ६०,००० आणि तीन किंवा अधिक किलोवॅटांस ७८,००० रुपये. गृहनिर्माण संस्थांस पाण्याचा पंप, जिना, लिफ्ट अशा सामाईक कामासाठीं किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे. त्याची मर्यादा घरामागें तीन किलोवॅट धरून एकंदर ५०० किलोवॅटपर्यंत आहे. दारिद्र्यरेषेखालील आणि महिन्यास १०० युनिटांच्या आंत वीज वापरणाऱ्या घरांसाठीं महाराष्ट्र शासनानें २०२५ सालीं ‘स्मार्ट’ नांवाची पुरवणी योजनाहि आणली आहे.

समजा, एका घरास महिन्यास ३०० युनिट लागतात आणि त्यानें तीन किलोवॅटचा संच १,९०,००० रुपयांस घेतला. अनुदान वजा जातां १,१२,००० उरले. वांचलेल्या युनिटाची किंमत सरासरी आठ रुपये धरली तर वर्षास ३,६०० युनिटांचे २८,८०० रुपये वांचतात. म्हणजे चार वर्षांच्या आसपास मुद्दल वसूल. पॅनेलचें आयुष्य पंचवीस वर्षांचें मानतात. हाच संच १,६०,००० रुपयांस मिळाला तर मुद्दल तीन वर्षांच्या आंतच फिटतें. मग प्रश्न असा कीं, ही तीस हजारांची तफावत कोणाच्या हातीं आहे? एकट्या गिऱ्हाइकाच्या हातीं ती क्वचित् असते. दहावीस घरें एकत्र आलीं तर पुष्कळदां असते. वर्षाचा गहू चार घरांनीं मिळून पोत्यांच्या हिशेबानें घेतला कीं भाव उतरतो, हें कोणत्याहि गृहिणीस शिकवावें लागत नाहीं. येथें न्याय तोच.

या साध्या न्यायावर अमेरिकेंत एक मोठी चळवळ उभी राहिली. २००९ सालीं ऑरेगॉन प्रांतांतील पोर्टलंड शहराच्या एका वस्तींतील शेजाऱ्यांनीं एकत्र येऊन एकाच ठेकेदाराकडून संच बसवून घेतले. २०११ सालीं मॅसॅच्युसेट्स प्रांतानें हीच पद्धति चार नगरांत प्रयोगादाखल लावून पाहिली. तेथें नगरानें स्वतः सहभागासाठीं अर्ज करावयाचा, स्थानिक स्वयंसेवक नेमावयाचा, स्पर्धेनें एक ठेकेदार निवडावयाचा आणि ठराविक मुदतींत नांवें नोंदवावयाचीं, असा क्रम होता. दरांच्या पायऱ्या आधींच जाहीर केलेल्या असत. नोंदणी वाढली कीं दर एक पायरी खालीं येई, आणि तो खालचा दर आधीं सही केलेल्यांसहि मिळे. यांतली खुबी ही कीं, प्रत्येक सभासदास शेजाऱ्यास आणण्यांत स्वतःचाहि लाभ दिसे.

आपल्याकडे अशी पायऱ्यांची योजना शासनानें ठरवून दिलेली नाहीं. पण घरांनीं एकत्र येऊन दर मागविण्यास मज्जाव करणारेंहि कांहीं नाहीं. मग अमळनेरसारख्या नगरानें कोणत्या क्रमानें जावें?

पहिली पायरी समितीची. गृहनिर्माण संस्था, पतसंस्था, महिला मंडळ, एखादी शाळा आणि नगरपरिषदेचा प्रतिनिधि इतके लोक पुरेत. सूर्यघर योजनेंत स्थानिक स्वराज्य संस्थांसहि या कामासाठीं प्रोत्साहनपर रक्कम ठेवलेली आहे. तेव्हां नगरपरिषदेस हें काम परकें नाहीं. दुसरी पायरी पाहणीची. प्रत्येक घराचीं बारा महिन्यांचीं बिलें, मंजूर भार, गच्चीचें माप, झाडाची वा शेजारच्या माडीची सांवली आणि छपराची ताकद हीं एका वहींत टिपावीं. जुन्या अमळनेरांत, आणि खेड्यांत तर अधिकच, धाब्याचीं घरें आहेत. मातीच्या धाब्यावर सांगाडा उभा करण्यापूर्वीं जाणत्या अभियंत्याचें मत घेतलेंच पाहिजे. तिसरी पायरी दरपत्रकांची. योजनेंत नोंदलेल्या विक्रेत्यांकडून एकाच नमुन्यावर दर मागवावे, म्हणजे तुलना करतां येते. अनुदानासाठीं पॅनेल भारतीय बनावटीचें असावें लागतें आणि पांच वर्षें देखभाल विक्रेत्याकडे असते. हीं दोन्हीं कलमें करारांत शब्दशः यावीं. सांगाड्याचा गंज, वाऱ्याचा जोर आणि वीजरोधक यांचाहि त्यांत उल्लेख असावा.

चौथी पायरी प्रत्येकाची स्वतंत्र आहे. अर्ज राष्ट्रीय संकेतस्थळावर ज्याचा त्यानें आपल्या वीजग्राहक क्रमांकानें करावयाचा. मीटर ज्याच्या नांवावर, अर्ज त्याचाच. पुष्कळ घरांत मीटर अजून दिवंगत आजोबांच्या नांवावर असतो. तें नांव आधीं बदलून घ्यावें. संच बसल्यावर महावितरण तपासणी करून नेट मीटर लावतें, आणि मग अनुदान सरळ बँकेच्या खात्यांत जमा होतें. ज्यांच्याजवळ एकदम पैसा नाहीं त्यांस तीन किलोवॅटपर्यंतच्या संचासाठीं बँका तारणावांचून कर्ज देतात. पांचवी पायरी सर्वांत दुर्लक्षित, ती निगेची. खानदेशची धूळ पॅनेलवर बसली कीं उत्पन्न घटतें. आठ-पंधरा दिवसांनीं सकाळीं थंड वेळेस पॅनेल धुवावीं. भर दुपारीं तापलेल्या कांचेवर गार पाणी ओतूं नये. वीस घरांनीं मिळून यासाठीं एक होतकरू तरुण नेमला तर त्यासहि काम मिळतें आणि कोणास शिडी चढावी लागत नाहीं.

परंतु हें सर्व ज्यांस स्वतःची गच्ची आहे त्यांच्यापुरतें झालें. भाडेकरू, चाळींतले रहिवासी, धाब्याच्या कच्च्या घरांतले लोक यांचें काय? सामुदायिक योजनेची खरी कसोटी येथें लागते. यावर आभासी नेट मीटरची पद्धत निघाली आहे. एखाद्या शाळेच्या किंवा बाजाराच्या छपरावर एकच मोठा संच बसवावयाचा, आणि त्याची वीज अनेक घरांच्या बिलांत ठरलेल्या वांट्यानें जमा करावयाची. दिल्लीच्या वीज नियामक आयोगानें २०१९ सालीं यासाठीं नियम केले. जेथें आयोगानें ही वाट मोकळी केली आहे तेथें गच्चीवांचूनचें घरहि सूर्याचें भागीदार होऊं शकतें. तोंवर सामाईक संचाचा लाभ पाण्याचा पंप आणि जिन्याचे दिवे यांच्या रूपानें सर्वांच्या वांट्यास येतोच.

गांव लहान असून एकदिलाचें असलें तर काय होतें याचें उदाहरण महाराष्ट्रांतच आहे. सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यांतील मान्याचीवाडी हें सुमारें शंभर घरांचें गांव २०२४ सालीं राज्यांतील पहिलें सौरग्राम ठरलें. सूर्यघर योजनेंत प्रत्येक जिल्ह्यांत एका आदर्श सौरग्रामास एक कोटि रुपयांचें साहाय्य ठेवलें आहे. पांच हजारांवर वस्तीचीं खेडीं त्यासाठीं स्पर्धेंत उतरूं शकतात. अमळनेर तालुक्यांतील मोठ्या गांवांनींहि ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

खानदेशास या विषयाचा दुसरा, कडू अनुभवहि आहे. धुळें जिल्ह्यांत साक्रीजवळ शिवाजीनगर येथें महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून उभा आहे. मोठ्या प्रकल्पांस जागाहि मोठी लागते. मेगावॅटला साधारण चार ते पांच एकर. त्याच जिल्ह्यांत दोंडाईच्याजवळच्या विखरण गांवीं वीज प्रकल्पासाठीं घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यावरून वाद झाला, आणि न्यायासाठीं खेटे घालून थकलेल्या एका वृद्ध शेतकऱ्यानें जानेवारी २०१८ मध्यें मंत्रालयांत विष घेतलें. त्यांत त्यांचा अंत झाला. सूर्याची वीज स्वच्छ असते, परंतु ती मिळविण्याची रीत आपोआप स्वच्छ होत नाहीं. तीन किलोवॅटचे चाळीस संच म्हणजे १२० किलोवॅट. जमिनीवर त्यास सुमारें अर्धा एकर लागला असता. छपरावर तो एक गुंठाहि खात नाहीं.

सहकारानें वीज वांटण्याचा प्रयोगहि महाराष्ट्रास नवा नाहीं. तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांत मुळा-प्रवरा सहकारी वीज संस्थेनें कित्येक वर्षें हें काम केलें. पण थकबाकी वाढत गेली आणि २०११ सालीं तेथील वितरण महावितरणकडे गेलें. सदिच्छा विपुल असली तरी वसुली आणि हिशेब ढिले असतील तर संस्था टिकत नाहीं, हा तिचा धडा आहे. म्हणून सौर समितीनें पहिल्या दिवसापासून दरपत्रकें, करार आणि जमाखर्च सर्वांस पाहतां येईल असा ठेवावा, आणि विक्रेत्याकडून समितीच्या कोणीहि दलाली घेऊं नये. एकदां विश्वास उडाला तर पुढचीं दहा वर्षें त्या पेठेंत कोणी एकत्र यावयाचें नाहीं.

सारांश, गांव करील तें राव काय करील, ही म्हण येथें शब्दशः लागू पडते. अनुदान शासन देईल, मीटर महावितरण बसवील, कर्ज बँक देईल. परंतु शेजाऱ्याच्या दारावर थाप मारून ‘आपण मिळून दर मागवूं या’ हें म्हणण्याचें काम शेजाऱ्यासच करावें लागेल. त्याची सुरुवात फार लहान आहे. येत्या रविवारीं गल्लींतील दहा घरांनीं आपापलीं वर्षाचीं बिलें घेऊन एका ओसरीवर बसावें, आणि महिन्यास किती युनिट जळतात एवढेंच वहींत मांडावें. पुढचें गणित ती वही घालून देईल.