उकिरड्याच्या उबेवर वाढणारी पिल्लं

थंडीतल्या सकाळी शेणखताच्या ढिगात कधी हात घालून पाहिलाय? वरून गार, आत मात्र चांगलं ऊन ऊन लागतं. पालापाचोळा कुजवणारे सूक्ष्मजीव पोट भरताना उष्णता सोडतात आणि गोधडीत ऊब राहावी तशी ती ढिगात कोंडून राहते.

निकोबार मेगापोड हा कोंबडीएवढा तपकिरी पक्षी याच उबेवर वंश वाढवतो. किनाऱ्यालगतच्या रानात दणकट पायांनी वाळू, माती, पानं उकरून तो मोठा ढीग रचतो. मादी त्यात खोल अंडं पुरते. अंड्यावर बसत मात्र कुणीच नाही! सुमारे सत्तर दिवसांनी पिल्लू एकट्यानेच माती उकरत वर येतं. अंगावर पिसं, पायांत बळ. आईबापांनी चारा भरवायची गरजच नाही. इतकं स्वावलंबी बाळ पक्ष्यांत विरळाच.

पण ढीग समुद्राला लागून असतात. २००४ च्या त्सुनामीत त्यातले बरेचसे वाहून गेले, पक्ष्यांची संख्याही खूप घटली. निकोबारखेरीज हा पक्षी जगात कुठेही नाही. आणि तो जिथे अंडी घालतो, त्या ग्रेट निकोबारवरच्या गॅलेथिया खाडीचा अभयारण्याचा दर्जा २०२१ मध्ये बंदरासाठी काढून घेण्यात आला.