नवजात बालकास ‘के’ जीवनसत्त्व कशासाठी?

बाळ जन्मले, रडले, आईच्या कुशीत विसावले, की थोड्याच वेळात परिचारिका त्याच्या मांडीत एक लहानसे इंजेक्शन देते. “बाळ तर ठणठणीत आहे, मग आल्या आल्या सुई कशाला?” असा प्रश्न घरची वडीलधारी मंडळी आम्हांस विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर सर्वांपर्यंत पोहोचावे, यासाठी हे टिपण.

डेन्मार्कमधील संशोधक हेन्रिक डाम यांना १९२९ च्या सुमारास असे आढळले, की स्निग्धांशविरहित आहारावर वाढविलेल्या कोंबडीच्या पिलांना रक्तस्राव होतो. रक्त गोठण्यास आवश्यक असलेल्या या अज्ञात घटकास त्यांनी १९३५ मध्ये ‘के’ जीवनसत्त्व असे नाव दिले. अमेरिकेतील एडवर्ड डॉइझी यांनी त्याची रासायनिक रचना उलगडली. १९४३ चे नोबेल पारितोषिक या दोघांना विभागून मिळाले.

रक्त गोठविणाऱ्या घटकांपैकी क्रमांक २, ७, ९ व १० हे घटक यकृतात तयार होतात. ‘के’ जीवनसत्त्वाच्या अभावी ते तयार झाले, तरी त्यांना कॅल्शियम धरून ठेवता येत नाही आणि त्यामुळे त्यांचे कार्य घडत नाही. हाडांतील ऑस्टिओकॅल्सिन या प्रथिनासही याच जीवनसत्त्वाची गरज असते.

मोठ्या माणसांना ते मुख्यतः पालक, मेथी यांसारख्या पालेभाज्यांतून मिळते. गर्भास मात्र वारेतून ते फारच थोडे पोहोचते आणि आतड्यांतील उपयुक्त जीवाणूही जन्मतः नसतात. आईचे दूध हा बाळाचा सर्वोत्तम आहार होय, यात शंका नाही. परंतु या एका जीवनसत्त्वाचे प्रमाण त्यात अल्प असते. त्यामुळे काही बालकांना पहिल्या आठवड्यात नाळेतून किंवा शौचावाटे रक्तस्राव होतो. याहून भयंकर प्रकार दुसऱ्या ते बाराव्या आठवड्यांदरम्यान उद्भवतो. तोवर निरोगी दिसणाऱ्या, केवळ अंगावर पिणाऱ्या बाळाच्या मेंदूत अकस्मात रक्तस्राव होतो. त्यात बाळ दगावू शकते. वाचले तरी कायमचे अपंगत्व येऊ शकते.

पूर्वी यासाठी मेनाडिओन, म्हणजे ‘के-३’, हे कृत्रिम रूप वापरीत. त्याच्या मोठ्या मात्रेने तांबड्या रक्तपेशी फुटून बाळांना तीव्र कावीळ होते, असे १९५० च्या दशकात दिसून आले व त्याचा वापर मागे पडला. आज दिले जाणारे ‘के-१’ हे औषध कारखान्यात तयार होत असले, तरी पालेभाज्यांतील जीवनसत्त्वाचेच ते रूप आहे. त्याची मात्रा केवळ १ मिलिग्रॅम असते. १,००० ग्रॅमहून कमी वजनाच्या बालकास तिच्या निम्मी.

मेंदूतील रक्तस्रावावर उपचार करावयाचे, तर अतिदक्षता विभाग लागतो, दीर्घकाळ लागतो आणि तरीही यशाची खात्री देता येत नाही. तो टाळण्यास मात्र अल्प किमतीचे एक इंजेक्शन व कुटुंबाची संमती एवढेच पुरते. प्रसूती घरी होवो वा अन्य कोठे, “बाळास ‘के’ जीवनसत्त्व दिले का?” हे अवश्य विचारावे, अशी आमची सर्व हितचिंतकांस नम्र विनंती आहे.