मीटर वाचा, गावाच्या धुराचा हिशेब ठेवा

गेल्या उन्हाळ्यात माझ्या सजातल्या एका गावी ग्रामसभा होती. पाणीपुरवठ्याच्या विहिरीवर ग्रामपंचायतीने नुकतेच सौर पॅनेल बसवले होते. 'माझी वसुंधरा' अभियानाची माहिती भरायची म्हणून भाऊसाहेबांनी विचारले, "साहेब, कार्बन किती वाचला ते लिहायचंय. काय लिहू?" मी म्हटले, पॅनेल बसण्याआधीची वर्षभराची बिले काढा. दप्तर उघडले. बारापैकी तीन बिले सापडली, त्यातल्या दोनांवर सरासरी युनिट टाकलेले! काम खरे झाले होते, पैसाही खरा लागला होता. पण वाचले किती, हे सांगायला कागद नव्हता. तो रकाना कोराच सोडावा लागला.

अशी अनेक गावे आहेत. २ ऑक्टोबर २०२० रोजी हे अभियान सुरू झाले. पंचमहाभूतांवर आधारलेल्या या अभियानात ऊर्जेचा भाग 'अग्नी' या तत्त्वाखाली येतो. तिथे सोय काय केली एवढे सांगून भागत नाही, फरक किती पडला तेही दाखवता यायला हवे.

धूर निघतो कुठे?

शेतकरी बंधूंनो, बटण दाबल्यावर आपल्या मोटारीतून धूर निघत नाही. तो निघतो चंद्रपूर, परळी, भुसावळच्या धुराड्यांतून. तिथे दगडी कोळसा जळतो तेव्हा आपल्या पिकाला पाणी मिळते. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी देशातल्या विजेचा हा आकडा जाहीर करते. अलीकडच्या वर्षांत एका युनिटमागे तो साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड आहे. एक लिटर डिझेल जाळले की सुमारे २.७ किलो, आणि घरगुती गॅसची १४.२ किलोची एक टाकी संपली की सुमारे ४२ किलो. एवढे तीन आकडे पाठ असले की हिशेब येतो.

वही कशी मांडावी?

शंभरपानी वही घ्या. ग्रामपंचायतीची जेवढी वीजजोडणी, तेवढी पाने: पाणीपुरवठा, पथदिवे, कार्यालय, शाळा, अंगणवाडी. दर महिन्याच्या १ तारखेला मीटरचा आकडा शिपायाने स्वतः पाहून लिहावा. बिलावरचा आकडा शेजारच्या रकान्यात. दोन्ही जुळत नसतील तर त्याच महिन्यात तक्रार करा, पुढे कोणी ऐकत नाही.

उदाहरण पाहा. १० एचपीची मोटार तासाला अंदाजे साडेसात युनिट घेते. रोज ६ तास चालली तर ४५ युनिट, वर्षाला १६,४२५ युनिट. त्याला ०.७ ने गुणा. सुमारे साडेअकरा टन! एका विहिरीचा हा हिशेब. आता फुटबॉल्व्ह गळका असेल, पाइप अरुंद असेल, मोटार दोनदा रिवाइंडिंग केलेली असेल, तर तेवढ्याच पाण्याला मोटार जास्त वेळ चालते. वहीत युनिट वाढलेले दिसले की दोष लगेच कळतो. म्हणजे धुराची वही ही बिलाचीही वही आहे.

सौर पॅनेल असेल तर इन्व्हर्टरवर दिसणारे युनिट वेगळे लिहा. त्याला ०.७ ने गुणून गावाच्या धुरात धरू नका. लाकूड आणि गोवऱ्यांसाठीही रकाना वेगळा. झाड पुन्हा वाढते म्हणून त्याचा हिशेब निराळा असतो, पण चुलीपुढच्या माऊलीच्या डोळ्यांत जाणारा धूर तोच.

शेतीपंपाची खरी अडचण

गावातली मोठी वीज शेतीपंपांना लागते, आणि नेमकी तिथेच मोजणी कच्ची आहे. अनेक पंपांना मीटर नाही, आकारणी एचपीवर होते. एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज मिळते. सवलत चांगली आहे, पण बिल भरायचे नाही म्हटल्यावर युनिट कोण बघतो?

इथे शेतकऱ्याचा स्वार्थ आहे, तो ओळखा. शेतीच्या नावावर टाकलेला वीजवापर खरा किती आणि त्यात गळती व चोरी किती, हा महाराष्ट्रातला जुना वाद आहे. आज कार्बनचा हिशेब होतोय, त्यात तेच अंदाजाचे आकडे उतरले तर दुसऱ्याच्या गळतीचा धूरही आपल्याच सातबाऱ्यावर चढेल!

यावर उपाय सोपा आहे. मोटारीच्या पेटीजवळ एक वही टांगा. चालू केल्याची, बंद केल्याची वेळ लिहा. एचपी गुणिले ०.७५ गुणिले तास, झाले युनिट. ५ एचपी, ४ तास, म्हणजे १५ युनिट आणि साडेदहा किलो कार्बन. वीज आठ तास होती म्हणून मोटारही आठ तास चालली असे कोणी धरू नये. एका डीपीवरच्या सगळ्यांनी वर्षभर असे लिहिले आणि ग्रामसभेने ठराव करून उपकेंद्रातल्या फीडर मीटरचे आकडे मागितले, तर बोलायला आधार राहील.

क्रेडिटवाल्यांपासून सावध

केंद्र सरकारने २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली. तेव्हापासून 'तुमच्या सोलरचे, झाडांचे पैसे मिळवून देतो' म्हणणारे गावोगाव भेटू लागलेत. सगळेच खोटे नसतील. पण आधीची नोंद आणि त्रयस्थाची तपासणी झाल्याशिवाय क्रेडिट तयार होत नाही. आणि एकदा विकलेली बचत गावाला पुन्हा आपली म्हणून सांगता येत नाही. एक बैल दोन बाजारांत विकण्यासारखे ते होईल. कोऱ्या कागदावर सही नको, आधीच फीही नको. करारनामा ग्रामसभेत मोठ्याने वाचून घ्या.

सरपंच, भाऊसाहेब, या १ तारखेपासून वही सुरू करा. मागची बिले सापडतील तेवढी चिकटवा. न सापडलेल्या महिन्यापुढे 'बिल नाही' असे खरे लिहा, मनाने आकडा भरू नका. पुढच्या वर्षी कोणी विचारले, "वाचलं किती?", तर पान उघडून दाखवता आले पाहिजे. वही मांडताना अडले तर मला निरोप द्या, मी येऊन बसेन.