देवमासा, हापूस आणि आरपीजी

देवमासा हा मासा नव्हे, हे तुम्हांला ठाऊक आहेच. तो फुप्फुसांनी श्वास घेतो, पिलांना दूध पाजतो; म्हणून तो सस्तन प्राणी. नावात मात्र 'मासा' राहून गेला. असाच घोटाळा व्हिडिओ गेमच्या एका प्रकारात झालेला आहे. त्याचे नाव रोल-प्लेइंग गेम, थोडक्यात आरपीजी. म्हणजे भूमिका घेऊन खेळायचा खेळ.

आता विचार करा. क्रिकेटच्या व्हिडिओ गेममध्ये तुम्ही फलंदाजाची भूमिका घेताच की! मग त्याला आरपीजी का म्हणत नाहीत?

उत्तर इतिहासात सापडते. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला. तो कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळतात. कोणी योद्धा होतो, कोणी जादूगार. त्या पात्राच्या वतीने बोलायचे, निर्णय घ्यायचे. पात्राची ताकद आकड्यांत मांडलेली असते. अनुभवाचे पुरेसे गुण साठले की पात्र वरच्या पातळीवर जाते.

हा खेळ संगणकावर आणताना काय झाले? आकडेमोड संगणकाला सहज जमली. मोकळे संभाषण मात्र त्या काळच्या संगणकाला जमणारे नव्हते. साहजिकच भूमिका मागे पडली, गुण आणि पातळ्या पुढे आल्या. नाव तेच राहिले. १९८१ मधील 'अल्टिमा' आणि 'विझर्ड्री' हे या वळणाचे खेळ. त्यांच्यापासून स्फूर्ती घेऊन १९८६ साली जपानमध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट' तयार झाला.

पुढे पोटप्रकार पडले आणि गोंधळ वाढला. 'ॲक्शन आरपीजी' हे नाव खेळण्याची रीत सांगते: लढाई आळीपाळीने नव्हे, तर बोटांच्या चपळाईने. 'सीआरपीजी'मधला 'सी' म्हणजे कॉम्प्युटर. तो यंत्र सांगतो. 'जेआरपीजी'मधला 'जे' म्हणजे जपान. तो देश सांगतो. 'रोगलाइक' हे नाव वंश सांगते: १९८० च्या 'रोग' या खेळासारखा. चार नावे आणि चार कसोट्या! फळांच्या तीन टोपल्यांवर 'गोड', 'पिवळी' आणि 'कोकणातली' अशा चिठ्ठ्या लावल्या, तर हापूस कोणत्या टोपलीत ठेवाल?

हा केवळ शब्दांचा खेळ नाही. 'फायनल फँटसी १६'चे निर्माते नाओकी योशिदा यांनी २०२३ मध्ये सांगितले, की 'जेआरपीजी' हे नाव प्रथम कानांवर आले तेव्हा काही जपानी निर्मात्यांना त्यात भेदभाव जाणवला होता. चुकीच्या चिठ्ठीने माणसेही दुखावतात.

मग उपाय काय? शास्त्रज्ञ वर्गीकरण करताना आधी कसोटी सांगतात. २००८ साली बर्लिन येथे 'रोगलाइक' खेळांच्या जाणकारांनी तसा प्रयत्न केला. त्यांनी लक्षणांची यादी केली आणि त्यांतली अधिक महत्त्वाची कोणती, हेही ठरवले.

आता तुमची पाळी. १९८६ चा 'द लेजंड ऑफ झेल्डा' घ्या. त्यात नायक आहे, तलवार आहे, भुयारे आहेत; पण अनुभवाचे गुण नाहीत. तो आरपीजी आहे काय? उत्तर देण्यापूर्वी आपली कसोटी वहीत लिहा आणि मित्राची कसोटीही विचारा.