विधिमंडळ व दुर्बळांचा कैवार

‘कायदा’ हा शब्द कानी पडला म्हणजे वडूजसारख्या तालुक्याच्या गावी वाढणाऱ्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे कचेरी, न्यायालय, सातबाराचा उतारा आणि दंडाची पावती ही चार चित्रे उभी राहतात. कायदा म्हणजे वरून सुटणारा हुकूम, अशी त्याची समजूत होऊन बसते. आणि ती अगदीच निराधार आहे असेही म्हणवत नाही. परंतु कायद्याचे दुसरेही एक रूप आहे. ज्याचे दुःख बोलून दाखविण्यास कोणी नाही, त्याच्या वतीने एखादा प्रतिनिधी विधिमंडळात उभा राहतो. त्याचे म्हणणे पुष्कळदा फेटाळले जाते. पण कालांतराने त्याच म्हणण्याचा कायदा होतो. अशा कायद्याने जे काम साधते ते एका वाक्यात सांगता येईल. काल जी गोष्ट कोणाच्या तरी दयेवर अवलंबून होती, ती आज हक्काची होते. माता, मजूर, पाणी आणि कन्या ह्यांच्या रक्षणाकरिता आपल्या प्रांतात झालेल्या अशा काही कायद्यांची हकीकत येथे सांगावयाची आहे.

प्रथम विधिमंडळाची रचना ध्यानी घेऊ. महाराष्ट्राच्या विधिमंडळाची दोन सभागृहे आहेत. विधानसभेत लोकांनी थेट निवडून दिलेले 288 सदस्य असतात आणि विधान परिषदेत 78 असतात. कायद्याच्या मसुद्यास विधेयक म्हणतात. विधेयक बहुधा मंत्री मांडतात. परंतु मंत्री नसलेल्या कोणत्याही सदस्यास ते मांडता येते, व त्यास अशासकीय विधेयक असे म्हणतात. आधी त्याच्या तत्त्वाची चर्चा होते, मग एकेका कलमाची छाननी होते, नंतर मते घेतली जातात. पुढे दुसऱ्या सभागृहाचा विचार आणि शेवटी राज्यपालांची, काही प्रसंगी राष्ट्रपतींची, संमती. अशासकीय विधेयक क्वचितच मंजूर होते. मग त्याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग हा की, सरकारला भर सभागृहात उत्तर द्यावे लागते, आणि जे दुःख तोपर्यंत खाजगी समजले जात होते ते सार्वजनिक होते. हे बोलण्याचे स्थान आपणांस फुकट मिळालेले नाही. 9 सप्टेंबर 1942 रोजी ह्याच वडूजच्या कचेरीवर तिरंगा घेऊन निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला व परशुराम घार्गे आदी नऊ जण हुतात्मे झाले. आपल्या माणसांनी आपले कायदे करावे, हा अधिकार त्यांनी प्राण देऊन मागितला होता.

आता मातेचे उदाहरण घेऊ. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या कापड गिरण्यांत हजारो स्त्रिया काम करीत. त्यांत कोकणातून व आपल्या घाटावरून गेलेल्या पुष्कळ होत्या. बाळंतपण आले म्हणजे काम सुटे व मजुरी बुडे. म्हणून दिवस भरत आले तरी बाई कामावर उभी राही, आणि अंगात त्राण येण्यापूर्वीच पुन्हा गिरणीची वाट धरी. घरी ठेवलेले तान्हे रडू नये म्हणून त्यास अफूची गोळी चारण्याची घातक चालही होती. एखादा मालक दयाळू असला तर चार दिवस सवलत मिळे, नसला तर नाही. कामगारांचे पुढारी ना. म. जोशी ह्यांनी 1924 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात ह्यासंबंधी विधेयक मांडले. ते नामंजूर झाले. पण मांडलेला प्रश्न पुसला गेला नाही. पुढे मुंबई कायदे कौन्सिलात आर. एस. आसवले ह्यांनी तशाच आशयाचे विधेयक आणले. त्यावर 28 जुलै 1928 रोजी डॉ. भीमराव आंबेडकर ह्यांनी पाठिंब्याचे भाषण केले. प्रसूतीच्या आधी व नंतर मातेला विसावा मिळणे हे केवळ तिच्या नव्हे तर राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि म्हणून त्या खर्चाचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, असे त्यांनी प्रतिपादिले. 1929 मध्ये मुंबई इलाख्यात प्रसूतिलाभाचा कायदा झाला. हिंदुस्थानात तो पहिलाच. पुढील वर्षी मध्यप्रांतानेही तसा कायदा केला. 1961 मध्ये संसदेने साऱ्या देशाकरिता कायदा केला, आणि 2017 मध्ये पहिल्या दोन अपत्यांपुरती पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे केली. एका नामंजूर विधेयकापासून निघालेली वाट ही इतकी दूर गेली.

मातेच्याच प्रश्नाचे आणखी एक अंग आहे. वारंवारच्या बाळंतपणांनी स्त्रीची प्रकृती खंगते व घरात दारिद्र्य शिरते, हे जाणून संततिनियमनाच्या साधनांची व ज्ञानाची सोय सरकारने करावी, असा ठराव 10 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबई विधानसभेत आला. डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे अहमदनगरचे प्रतिनिधी प्रभाकर जनार्दन रोहम ह्यांनी तो मांडला. त्या काळी हा विषय चारचौघांत उच्चारणेही अवघड होते. ठराव फेटाळला गेला. परंतु स्वतंत्र भारताच्या सरकारने 1952 मध्ये कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा चौदा वर्षांपूर्वीच्या त्या अल्पमताचे मोल कळून आले.

मजुरांच्या रक्षणाची कथा आपल्या जिल्ह्याच्या अधिक जवळची आहे. माथ्यावर ओझे वाहतो तो माथाडी. मुंबईच्या बाजारपेठांत व बंदरावर पोती वाहणाऱ्या माथाडींत सातारा जिल्ह्यातील माणसांचा भरणा मोठा. ह्या कामगाराची अडचण विलक्षण होती. सकाळी तो एका व्यापाऱ्याचे पोते उचली, दुपारी दुसऱ्याचे. मग त्याचा मालक कोण? मालकच ठरत नाही म्हटल्यावर कारखान्यांचे कायदे त्यास लागू होईनात. रजा नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, मणका मोडला तर विचारणारा नाही. पाटण तालुक्यातील अण्णासाहेब पाटील ह्यांनी ह्या विखुरलेल्या माणसांची संघटना बांधली. तिच्या रेट्यामुळे विधिमंडळाने 1969 मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला. पुढे अण्णासाहेब स्वतःही विधिमंडळाचे सदस्य झाले.

ह्या कायद्याची युक्ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मालक कोण ह्या वादात न पडता त्याने मालक, कामगार व सरकार ह्या तिघांच्या प्रतिनिधींचे मंडळ निर्माण केले. व्यापारी व कामगार दोघांचीही नोंद मंडळाकडे होते. व्यापाऱ्याने मजुरी मंडळात भरावयाची, तिच्यावर ठरावीक दराने अधिक रक्कम द्यावयाची; आणि मंडळाने कामगारास मजुरी देऊन त्या अधिक रकमेतून भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधोपचार इत्यादींची तरतूद करावयाची. ज्याला एक मालक नव्हता त्याच्यामागे कायद्याने एक संस्था उभी केली. खुशीने हातावर टेकविलेल्या चार आण्यांची जागा हिशेबाच्या वहीने घेतली.

तिसरे उदाहरण तर खटाव-माणच्या रहिवाशांनी विसरूच नये असे आहे. आपला मुलूख पर्जन्यछायेचा. सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो कोसळणारा पाऊस येथे येईपर्यंत रिता झालेला असतो. पूर्वी दुष्काळ पडला म्हणजे सरकार दुष्काळी कामे काढी. परंतु कामे केव्हा काढावयाची आणि केव्हा बंद करावयाची हे सर्वस्वी सरकारच्या मर्जीवर असे. आपल्या वडूजवरून वाहणारी येरळा पुढे ज्या तासगाव तालुक्यातून जाते, त्या तालुक्यातील विसापूरचे विठ्ठल सखाराम पागे हे 1960 ते 1978 पर्यंत विधान परिषदेचे सभापती होते. ज्याचे हात काम करण्यास तयार आहेत त्याला काम देणे हे सरकारचे कर्तव्यच आहे, हा विचार त्यांनी 1965 पासून सरकारपुढे आग्रहाने मांडला. तासगाव तालुक्यात त्याचा प्रयोग झाला. 1972 च्या भीषण दुष्काळाने त्याची निकड सर्वांस पटली. 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा मंजूर झाला व 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला.

‘मागेल त्याला काम’ हे त्याचे सूत्र. अर्ज केल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यावयाचे. न दिल्यास बेकारभत्ता द्यावयाचा. स्त्रीपुरुषांस समान कामास समान मजुरी. खर्चाकरिता 1975 मध्ये व्यवसायकर बसविण्यात आला. म्हणजे मुंबईच्या पगारदाराच्या पैशाने माणदेशातील मजुराची चूल पेटू लागली. ह्याखेरीज त्या मजुरीतून जी कामे झाली ती पाझर तलाव, नालाबंडिंग, बांधबंदिस्ती व वृक्षलागवड ह्यांची होती. एकाच कायद्याने मजुराचे पोट आणि जमिनीचा कस ह्या दोहोंचे रक्षण करण्याचा हा प्रयत्न होता. 2005 मध्ये संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, त्याचे बीज ह्या महाराष्ट्रीय कायद्यात होते.

परंतु पाझर तलावाने जिरविलेले पाणी ज्याच्या विहिरीचा उपसा मोठा तोच ओढून नेऊ लागला तर गावाची घागर रितीच राहावयाची. म्हणून 1993 मध्ये महाराष्ट्राने भूजलाचा कायदा केला. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उगमापासून 500 मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर खणू नये, असा त्याचा निर्बंध होता. पुढे 2009 च्या अधिक व्यापक कायद्याने त्याची जागा घेतली. जमीन माझी असली तरी तिच्याखालचे पाणी एकट्या माझे नव्हे, हे तत्त्व त्यात आहे. आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावास ते निराळे समजावून सांगावे लागत नाही.

शेवटचा कायदा कन्येचा. गर्भजल परीक्षेचे शास्त्र जन्मास आले ते गर्भातील दोष ओळखण्याकरिता. पण तिचा उपयोग मुलगी असल्यास गर्भ पाडण्याकडे होऊ लागला. मुंबईतील काही संघटनांनी ह्याविरुद्ध चळवळ आरंभिली, आणि 1986 मध्ये आमदार मृणाल गोरे ह्यांनी विधानसभेत अशासकीय विधेयक मांडले. त्यानंतर सरकारने स्वतःचे विधेयक आणून 1988 मध्ये कायदा केला. असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. 1994 मध्ये संसदेने तो देशभर नेला व 2003 मध्ये अधिक कडक केला.

पण येथेच थांबून आपणांस मान खाली घालावी लागते. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे 1991 मध्ये 946 मुली होत्या. 2001 मध्ये 913 आणि 2011 मध्ये 894 झाल्या. 2001 मध्ये सातारा जिल्ह्यात हा आकडा 878 आणि सांगली जिल्ह्यात 851 होता. कायदा होऊन तेरा वर्षे लोटल्यानंतरचे हे आकडे आहेत. 2017 मध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे पुरलेले एकोणीस भ्रूण सापडले. आणि ज्या जन्मास आल्या त्यांतील कित्येकींची नावे काय ठेवली गेली? ‘नकुशा’, म्हणजे नको असलेली. ऑक्टोबर 2011 मध्ये सातारा येथे जिल्हा परिषदेने समारंभ करून अशा 285 मुलींना त्यांच्या पसंतीची नवी नावे दिली. कायदा गर्भातील कन्येचा जीव वाचवू शकेल. पण तिला नावाजणे, तिला हवीशी मानणे, हे त्याच्या हातचे नाही. ते घराचे व शाळेचे काम आहे.

ह्या सर्व हकीकतींवरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक ही की, सत्पक्षाचा पहिला पराभव हा बहुधा शेवटचा नसतो. जोशी हरले, रोहम हरले, गोरे ह्यांचे विधेयक जसेच्या तसे मंजूर झाले नाही. तरी तिघांचेही म्हणणे पुढे देशाचे धोरण झाले. दुसरी ही की, कायदा झाला म्हणजे कार्य आटोपले असे नव्हे. दया आपण होऊन दाराशी येते. हक्क मागावा लागतो. काम मागणारा अर्ज कोणी लिहिलाच नाही, तारीख घातलेली पोच कोणी मागितलीच नाही, शेजारच्या घरी चाललेल्या अन्यायाकडे सर्वांनी पाठ फिरविली, तर उत्तमातला उत्तम कायदाही कपाटात निजून राहतो.

दया तुच्छ आहे असे मात्र कोणी समजू नये. भुकेल्यास आजची भाकर दयाच देते. त्याला उद्याची हमी हक्क देतो, आणि समाजास दोहोंचीही गरज आहे. विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी एखादा पुढे विधिमंडळात जाईल. बहुतेक जण जाणार नाहीत. पण अर्ज लिहिता येणे, नियम वाचता येणे आणि ज्याला ते येत नाही त्याच्याजवळ घटकाभर बसणे, एवढे तर प्रत्येकास साधण्याजोगे आहे. तुम्ही शिकलेली अक्षरे ज्याला अक्षर येत नाही त्याच्या कामी आली, तर ह्या कायद्यांसाठी ज्यांनी वाणी झिजविली त्यांचे श्रम तुमच्या गावापुरते तरी सार्थकी लागतील.