सौम्य सिगार आणि पांढरी वाइन: जमतं ते लाळेमुळे

हुबळी-धारवाडहून पुण्याच्या रस्त्याला लागलं की बेळगावच्या पुढे निपाणी येते. १९८१ साली शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी जिथल्या शेतकऱ्यांना घेऊन रस्ता अडवला, ते हे तंबाखूचं गाव. हुबळीहून उत्तरेला वळलं तर विजापूरच्या द्राक्षबागा. तंबाखू आणि द्राक्ष दोन्ही इतकी हाताशी असूनही इथे कुणी सौम्य सिगारबरोबर पांढऱ्या वाइनचा पेला घेऊन बसला, तर त्यातलं काहीच बहुधा या मातीतलं नसतं. विजापूरची द्राक्षं मुख्यतः खाण्याची आणि बेदाण्याची. निपाणीचा तंबाखू विडीचा. तो उन्हात वाळतो आणि चुरा होऊन विडीत जातो.

सिगारच्या पानाचं तसं नाही. ते हवेशीर कोठारात टांगून कित्येक आठवडे सावलीत वाळवतात. मग पानांच्या राशी रचतात. राशीच्या पोटात ऊब धरते, पान आंबतं, अमोनिया उडून जातो, झोंबणारा तिखटपणा उतरतो. सौम्य सिगारवर बहुधा फिकट रंगाचं कनेक्टिकट जातीचं पान गुंडाळलेलं असतं. ते कापडी मांडवाखाली वाढवतात. ऊन गाळून आल्यामुळे पान पातळ राहतं आणि चवीलाही हलकं. सौम्य म्हणजे निकोटिन नसलेला, असं मात्र कुणी समजू नये.

आता धुराकडे येऊ. सिगारेटचा धूर साधारण आम्लधर्मी असतो, सिगारचा त्यामानाने अल्कधर्मी. अल्कधर्मी धुरातलं निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात शिरतं. म्हणून सिगार छातीत ओढत नाहीत. धूर तोंडात घोळवायचा आणि सोडायचा. या घोळवण्याने तोंड कोरडं पडतं, आणि जोडीला काय घ्यावं हा सगळा प्रश्न तिथून सुरू होतो.

रेड वाइन द्राक्षाच्या सालींसकट आंबवतात. सालीतलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं आणि कच्ची सुपारी चघळल्यासारखी जीभ आवळते. आधीच कोरड्या तोंडात ही भर पडली की हलक्या सिगारची चव कडवट होऊन बसते. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षाचा रस सालींपासून आधीच वेगळा करतात, त्यामुळे टॅनिन नावापुरतं उरतं. आंबटपणा मात्र भरपूर असतो, आणि आंबटाने तोंडाला पाणी सुटतं. धुराने घालवलेली लाळ घोट परत आणतो. पुढचा झुरका पुन्हा पहिल्यासारखा लागतो. निकोटिनचा च्युइंगम चघळणाऱ्यांना कॉफी किंवा आंबट पेयं टाळायला सांगतात, कारण आम्लामुळे तोंडातून निकोटिन कमी शोषलं जातं. सिगारच्या जोडीला घेतलेल्या आंबट घोटाचाही थोडाफार तसाच परिणाम होत असावा.

पण सगळ्याच पांढऱ्या वाइन जमत नाहीत. सोव्हिन्यों ब्लां फार धारदार, तिचा हिरवट वास धुराशी भांडतो. नाशिकच्या सुला कंपनीने २००० साली ज्या वाइन बाजारात आणल्या, त्यांत शेनिन ब्लांही होती. या जातीची किंचित गोडसर वाइन माझ्या मते सौम्य सिगारला सर्वांत बरी. लाकडी पिंपात मुरवलेली शार्दोने दुसरी: तिच्यातला लोण्यासारखा, व्हॅनिलासारखा वास तंबाखूच्या वासाशी सहज जुळतो. शेनिन आठ ते दहा अंशांवर, शार्दोने थोडी कमी गार. अगदी बर्फगार केली तर जिभेला काहीच कळत नाही.

क्रमही महत्त्वाचा. आधी नुसत्या वाइनचा एक घोट. मग सिगारचं टोक ज्वाला थेट न लावता सावकाश शेकून पेटवायचं. मिनिटाला एक झुरका पुरे. घाई केली तर सिगार तापतो आणि कडू होतो. धूर सोडल्यावर थोडं थांबून घोट घ्यावा. सिगार जळत जातो तसा धुरातला चिकटा आणि निकोटिन उरलेल्या भागात साचत जातं, म्हणून शेवटचा तिसरा हिस्सा फार उग्र होतो आणि तिथे कुठलीच पांढरी वाइन टिकत नाही. दोन तृतीयांशावर सिगार खाली ठेवून द्यावा. तो विझवायला चिरडू नये, आपोआप विझतो. हुबळीच्या कोरड्या उन्हाळ्यात सिगार उघड्यावर राहिला तर पान तडकतं, म्हणून त्याला साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता राखणारी बंद पेटी हवी.

हे सगळं घरीच करावं लागतं. २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे. मोठ्या हॉटेलांना धूम्रपानाची वेगळी खोली ठेवता येते, पण तिथे खाणंपिणं वाढायला परवानगी नाही. आणि धूर छातीत घेत नाही म्हणून सिगार निर्धोक ठरत नाही. तंबाखू आणि दारू या दोन्ही गोष्टी कर्करोगकारक आहेत. दोन्ही एकत्र घेणाऱ्यांत तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका नुसता बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतो.